तेल्हाऱ्याच्या टाकीतलं सुकाणू

मी पहिल्या तोंडी परीक्षेत नापास झाली ती एका प्रश्नावर, आणि तो प्रश्न माझ्या सगळ्यात लाडक्या यंत्रावरचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यापासूनच सुरू होते.

मी तेल्हाऱ्याची. बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटरी येतात, बाबा जुनी तार काढून नवी भरतात. त्या दुकानातच मी मोठी झाली, मंग अमरावतीले इलेक्ट्रिकल शिकली, आणि तिथून कशी कोण जाणे मालवाहू जहाजावर विजेच्या कामाले शिकाऊ म्हणून चढली. पहिलं जहाज भेटाले दीड वर्ष लागलं. त्याआधी समुद्र एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा नेमकी ओहोटी होती.

जहाजावर तिसऱ्या दिवशी माझ्या साहेबानं मले सुकाणूच्या खोलीत नेलं. ही खोली जहाजाच्या पार शेपटाशी असते. लोखंडी शिडी उतरून मी खाली गेली आणि तिथंच उभी राहिली. मधात माझ्या कमरेहून जाड खांब. तो खाली पाण्यात जातो आणि त्याले सुकाणूचं पातं लागलेलं असते, दोन मजली घराएवढं. खांबाच्या दोन्ही बाजूले तेलाच्या दाबानं सरकणारे जाडजूड दांडे. आणि ते तेल ढकलाले दोन मोटरी. बस, दोनच. मी वाकून मोटरीवरची पट्टी वाचली. अशा मोटरी अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमधून आमच्याकडे भराले यायच्या. माझ्या ओळखीच्या मोटरी होत्या त्या.

तेवढ्यात वर ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, कोणीतरी चाक फिरवलं. ते चाक ताटलीएवढं असते, मी नंतर पाहिलं. इथं खाली दांडा सरकला, खांब फिरला. आवाज फक्त हुं असा, जात्याच्या दळणासारखा जमिनीतून पायात येणारा. पाव किलोमीटर लांबीचं जहाज, पोटात हजारो टन गहू, आणि त्याचं तोंड कुठं वळाचं हे माझ्यासमोर ठरून राहिलं होतं. एका बाजूच्या टोकापासून दुसरीकडे जवळजवळ टोकापर्यंत पातं अठ्ठावीस सेकंदांत गेलं पाहिजे असा नियम आहे. मी मोबाइलवर मोजलं. चोवीस. मले रडूच आलं, आणि साहेबाले वाटलं तेलाच्या वासानं डोळे चुरचुरले.

मंग त्यानं विचारलं, लाईन गेली तर? मले हसू आलं. तेल्हाऱ्याच्या पोरीले विचारता का लाईन गेली तर? पण ऐकत गेली तसतसं हसू बंद झालं. वर डेकवर एक वेगळा जनरेटर असतो, सगळ्यांपासून अलग, त्याचं डिझेल वेगळं, त्याची बॅटरी वेगळी. जहाजावर अंधार झाला की पंचेचाळीस सेकंदांच्या आत तो आपला आपण उठतो आणि सुकाणूच्या दोन मोटरींपैकी एकीले वीज देतो. वरचं चाकच निकामी झालं तर माणूस या खोलीत येऊन बोटानं व्हॉल्व्ह दाबतो आणि सुकाणू हलवतो. त्याले वरून हुकूम ज्या फोनवर येतात तो फोन विजेवर चालतच नाही. बोलणाऱ्याच्या आवाजातच जो जोर असते, त्याच्यावर चालतो. मी तो कानाले लावला, तर वरून एक अधिकारी स्वच्छ आवाजात विचारून राहिला, "खाना खाया?" बॅटरी नाही, लाईन नाही, काही नाही. माणसाच्या घशातून निघालेली वीज.

तर अशी मी, नऊ महिने त्या खोलीच्या प्रेमात पडलेली, जहाजावरची वीज अधिकारी होयाच्या परीक्षेले मुंबईत बसली. परीक्षकानं विचारलं की सुकाणूच्या मोटरवर भार वाढला, करंट वाढला, तर काय होते? मी एका श्वासात सांगितलं: ओव्हरलोड रिले पडतो, मोटर बंद होते, मोटर वाचते.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि जहाज?"

मले माहीत होतं हो. वाचलेलं होतं, लिहिलेलं होतं. जहाजावरच्या बाकी सगळ्या मोटरींवर तो रिले असते, करंट जास्त झाला की मोटर बंद पाडते. सुकाणूच्या मोटरवर ते पाडणं ठेवतच नाहीत. तिथं फक्त घंटा वाजते. मोटर गरम होवो, धूर निघो, तिनं फिरतच राहायचं. कारण अरुंद खाडीत, दोन्ही बाजूले खडक असताना, मोटर वाचून काय करता? पण माझी जीभ परीक्षेच्या हॉलमधली नव्हती, दुकानातली होती. चौथीत होती तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना सांगून राहिली होती, काका, रिले लावा, मोटर वाचते.

पुढची तारीख दीड महिन्यानं भेटली. कंपनीनं सांगितलं, एका जहाजावर तुमची जागा तोवर ठेवतो, त्याच्यापुढं नाही. म्हणजे ही गेली की परत पहिल्यापासून, परत दीड वर्ष. मी अकोल्याले गाडीतून उतरली, तेल्हाऱ्याची बस पकडली आणि सगळ्या रस्त्यानं खिडकीतून कपाशी पाहत आली. कोणाले फोन केला नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मी नापास झाली याचं त्यांना काही वाटलं की नाही, कळलंच नाही. दुसऱ्याच गोष्टीचा त्यांना धक्का बसला होता.

"मोटर जळू देयाची? असा नियम हाये म्हनतं तू?"

हाव म्हटलं. सगळ्या जगातल्या मोठ्या जहाजांना.

"कोन्या येड्यानं केला?"

इथं बाबांचं सांगावं लागते. आमच्या दुकानात समोरच पाटी आहे: काडी लावलेल्या स्टार्टरची मोटर आणू नये. आमच्याकडे कास्तकार काय करतात, तीन फेजमधली एक गेली की स्टार्टर मोटरले बंद पाडते. मंग हे लोक स्टार्टरचं बटण दाबून तिथं तुराटीची काडी खुपसून ठेवतात, म्हणजे त्यानं पडूच नये. दोन फेजवर मोटर गुरगुरत चालते आणि जळते. मंग आमच्याकडे येते. बाबांचं अर्धं दुकान त्या काडीवर चालते, आणि तरी दर गिऱ्हाइकाले बाबा शिव्या देतात. पाटी वाचून कोणी परत गेलं असं मी पाहिलं नाही. बाबा मोटर घेतात, आधी बोलून घेतात. त्यांच्या हिशेबानं जगात दोन जातीचे लोक आहेत, रिले लावणारे आणि काडी लावणारे.

आणि आता त्यांची स्वतःची पोरगी सांगून राहिली होती की समुद्रावर सगळे काडी लावणारे आहेत.

चौथ्या दिवशी सकाळी म्हणाले, वाचून तुह्या डोक्यात जात नाई, हातानं बनव. चाल अकोल्याले.

अकोल्याच्या भंगारात आमी ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगचा सिलिंडर घेतला आणि तेलाचे दोन पंप. भंगारवाल्यानं विचारलं, मिस्त्री, हे कायले? बाबा मान वर न करता म्हणाले, जहाज बनवून राहिलो. त्यानं शांतपणे विचारलं की मंग काटेपूर्णाच्या धरणात सोडता का घरच्या हौदात. बाबा म्हणाले, हौदात.

खरंच हौदातच. दुकानासमोर सिमेंटची टाकी आहे, भरलेल्या पाणबुडी मोटरी तपासाले. तिच्यावर आमी लोखंडी चौकट टाकली, मधात उभा पाइप, पाइपाले खाली जुन्या कूलरचा पत्रा. ते आमचं सुकाणू. पाइपाले आडवा दांडा, दांड्याले सिलिंडर, सिलिंडरले तेल देणारे दोन पंप, दोन पंपांना दोन मोटरी, एक एक हॉर्सपॉवरच्या. लोक मोटरी भरून घेतात आणि मंग नेतच नाहीत, तशा दोन पडून होत्या. टाकीतलं पाणी नुसतं उभं राहू नये म्हणून एक पाणबुडी मोटर खाली सोडली, ती पत्र्यावर पाण्याचा मारा करायची. खाडीचा प्रवाह समजा. दुकानाच्या जनरेटरले बाबांनी बॅटरी आणि टायमर लावून आपोआप उठतं केलं. पहिल्यांदा मी तेलाची दिशा बदलाचं लिव्हर ओढलं आणि तो कूलरचा पत्रा पाण्यात सावकाश वळला, पाणी एका बाजूले चढलं, तेव्हा पायातून तोच हुं आला. तोच. तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर. मी बाबांकडे पाहिलं तर ते खाली वाकून पाण्याकडे पाहून राहिले होते आणि त्यांचं तोंड उघडं होतं.

"एवढ्यानं जहाज वळते?"

एवढ्यानंच, म्हटलं.

लाईन जायाची वाट पाहावी लागली नाही, तेवढी सोय आमच्याकडे आहे. पहिल्या दिवशी लाईन गेली, जनरेटर बावीस सेकंदांत उठला, आणि उठल्याबरोबर सगळं एकदम चालू झालं: दोन्ही सुकाणूच्या मोटरी, टाकीतली मोटर, तार गुंडाळाचं मशीन, पंखे. जनरेटर एक आचका देऊन बसला. पाहाले चारपाच जण जमले होतेच. एक म्हणे, मिस्त्री, हे तं आमच्या डीपीसारखं झालं. सगळ्यांचे ऑटो स्विच, लाईन आली की पन्नास मोटरी एका दमात, आणि ट्रान्सफॉर्मर गेला उडून.

मी त्यांना सांगितलं की जहाजावर याच्यासाठीच रांग असते. अंधारानंतर वीज आली की आधी सुकाणू. बाकी सगळे थांबतात, एकेक करून उठतात, ठरलेल्या सेकंदांनी. कोणी घुसत नाही. मंग एक जण म्हणाला, आमच्या वावरात अशी रांग लावाले गेलं तं डोकी फुटतीन. पण ज्या सुरात म्हणाला ना, त्यात हेवा होता.

बाबांनी टायमर लावून रांग बसवली. पंधरा दिवसांत आमी सगळं करून पाहिलं. लाईन गेली, एक मोटर बंद पडली, तेल गळालं, बोटानं व्हॉल्व्ह दाबून फिरवलं. बाजूच्या झेरॉक्सवाल्या काकू सेकंद मोजायच्या. मी रोज नवीन काहीतरी समजून घ्यायची आणि रोज बाबांना सांगत सुटायची. फक्त एक गोष्ट बाबा करत नव्हते. दोन्ही मोटरींवर त्यांनी रिले लावून ठेवले होते, आणि ते काढाले तयार नव्हते. मी म्हटलं, बाबा, माझा प्रश्न तोच आहे, त्याच्यावरच मी पडली. ते म्हणायचे, तोंडानं सांगजो ना. मी कितीही म्हटलं की मले ते पाहाचं आहे, घंटा वाजते तेव्हा हात आवरून बसणं कसं असते हे एकदा तरी शिकाचं आहे, नाही तर मी परत तेच बोलीन. तरी नाही. तीस वर्षं ज्या हातानं मोटरी वाचवल्या त्या हातानं चांगली मोटर जाळाची, हे त्यांच्याच्यानं होऊन नव्हतं राहिलं.

परीक्षेले आठ दिवस राहिले होते. बाजाराचा दिवस होता. आमचे एक जुने गिऱ्हाईक आले, साठीचे, हरभरा-कपाशीवाले काका, काडी लावणाऱ्यांमधले मुखियाच समजा. त्यांच्या एकाच मोटरीले बाबांनी चार वेळा भरलं होतं. ते खुर्चीत बसून आमचं भांडण ऐकत होते. मंग त्यांनी मले विचारलं की जहाजावर खरंच मोटर जळू देतात का. मी सांगितलं. ते बाबांकडे वळले.

"मिस्त्री, मागच्या साली माह्या हरभऱ्याले फुलं होते. एकच पानी पाहिजे होतं. एक फेज गेलेली, लाईन चार घंट्यांची. मले मालूम होतं मोटर जळन. म्या काडी लावली आन् वावराच्या धुऱ्यावर बसून रायलो. शेवटच्या सऱ्या भिजल्या, मंग जळाली."

"मंग मले काहून सांगतलं का अचानक जळाली म्हनून?" बाबा म्हणाले.

"तुमी शिव्या देता ना. तुमी तं मोटर आठ दिवसांत भरून देल्ली. हरभऱ्याले कोन आठ दिवस देते?"

बाबांनी हातातली पक्कड खाली ठेवली, परत उचलली. मले आत कुठंतरी एकदम लख्ख झालं. आमी इतकी वर्षं ज्या माणसांना अडाणी म्हणत आलो, ते जगातल्या सगळ्या जहाजांचाच नियम पाळत होते. फक्त त्यांच्याकडे दुसरी मोटर नव्हती.

बाबा उठले, एका मोटरीचा रिले काढला आणि त्याच्या जागी घंटा जोडली. मंग ती चालू केली आणि तिचा एक फ्यूज ओढून हातात घेतला, म्हणजे एक फेज गेली. चालू मोटर होती, थांबली नाही, फक्त आवाज बदलला. घसा बसल्यासारखा. आणि घंटा वाजाले लागली.

मी लिव्हरवर होती. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पत्रा पाण्यात वळत राहिला. काकांनी मोबाइल काढून वेळ लावली. बाबांनी मोटरीच्या अंगावर हात ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. दोन मिनिटं, तीन मिनिटं. माझा उजवा हात सारखा बंद कराच्या बटणाकडे जाऊन राहिला होता, मी तो मांडीखाली दाबून बसली. पाचव्या मिनिटाले बाबांनी हात काढून घेतला. वार्निशचा वास सुटला. तो वास आमच्या घरात कोणी मेल्यासारखा समजतात. आई दुकानामागच्या स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात थांबली. पत्रा वळतच होता. सात. मोटरीच्या मागून पांढऱ्या धुराची बारीक दोरी निघाली. आठ. मी ओरडून सुकाणूचा कोन सांगत होती, वीस डावे, वीस उजवे, माझ्याच आवाजाची मले भीती वाटून राहिली होती. नवव्या मिनिटाले बाबा दुसऱ्या मोटरीकडे गेले, ती चालू केली, आणि मंगच पहिलीले हात लावला. ती तोवर संपली होती. सुकाणू एक क्षणही थांबलं नव्हतं.

रस्त्यावरून दोन बैल गेले, त्यांनीसुद्धा वासानं माना वळवल्या.

दुपारी बाबांनी ती मोटर उघडली आणि मले बोलावलं. दोन फेजच्या तारा काळ्या ठिक्कर, तिसऱ्या फेजच्या नव्या कोऱ्या, पिवळ्या. जिचा फ्यूज काढला होता ती. बाबांनी त्या काळ्या तारांवरून अंगठा फिरवला. पाहा, म्हणाले, या दोघींनी तिघींचं काम केलं नऊ मिनिटं. अशा जळालेल्या मोटरी मी जन्मापासून पाहत आली होती. ती कोणाची तरी चूक असते असंच वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हिनं काहीतरी केलं.

परीक्षेत माणूस वेगळा होता, दक्षिणेकडचा, हळू बोलणारा. तो प्रश्न त्यानं विचारलाच नाही. अंधार झाल्यावर काय काय होते ते विचारलं, ते मी घडाघडा सांगितलं. मंग म्हणाला, समज तू सुकाणूच्या खोलीत आहेस, जहाज अरुंद खाडीत आहे, चालू मोटरीवर एक फेज गेल्याची घंटा वाजली. काय करशील? मी सांगितलं, चालू मोटरीले हात लावणार नाही. वर ब्रिजवर कळवीन, दुसरी मोटर चालू करीन, ती सुकाणू धरते याची खात्री करीन, मंग पहिलीकडे वळीन. त्यानं विचारलं, आणि दुसरी चालू होत नसेल, पहिलीतून धूर निघत असेल तर?

सगळी परीक्षा इंग्रजीत चालली होती. माझ्या तोंडातून निघालं, "जळू द्याची, सर."

त्याले मराठी येत नव्हती. त्यानं अर्थ विचारला. मी इंग्रजीत सांगितलं, आणि मंग थांबवलंच नाही स्वतःले: नऊ मिनिटं चालली आमची, एका हॉर्सपॉवरची होती, जहाजावरची किती चालेल हे मी सांगू शकत नाही, पण ती नऊ मिनिटं मी पाहिली आहेत. त्यानं विचारलं, कुठल्या प्रयोगशाळेत? मी म्हटलं, रस्त्यावर सर, टाकीत, कूलरचा पत्रा होता. मंग त्यानं मले त्या टाकीचं चित्र काढाले सांगितलं, आणि मी काढलं, आणि दोन पंप एकाच सिलिंडरले कसे जोडले, एकाचं तेल दुसऱ्यात कसं जाऊ दिलं नाही, हे त्यानं तीनदा विचारलं. त्याची चहाची वेळ निघून गेली. शेवटी कागदावर सही केली आणि ते चित्र त्यानं स्वतःच्या फाइलीत ठेवून घेतलं.

बाहेर येऊन मी बाबांना फोन केला. मागं दुकानात कोणाची तरी मोटर गुरगुरत होती.

झाली पास, म्हटलं.

बाबा एवढंच म्हणाले, "थांब, मोटर बंद करतो, आयकू नाई येऊन राहिलं." मंग शांतता झाली, आणि त्यांनी मले सगळं पहिल्यापासून सांगाले लावलं.